शंभरातल्या एकशे बारा फरशा

मुलगी मराठीत बोलली की काहीतरी बिनसलंय, हे संजय गुळवणीचं एकोणीस वर्षांचं निरीक्षण होतं. मिहिका जन्मली दुबईत, वाढली तिथल्याच डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, आणि बापाने मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला तिचं उत्तर इंग्रजीतून यायचं. मराठी तिला येत होती, चांगली येत होती. पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखी ती एरवी कपाटातच असायची. भूक अनावर झाली, कुठे लागलं, किंवा डोक्यात काही घुसून त्याला बाहेर पडायला वाट मिळेना, या तीनच वेळी ती बाहेर निघायची.

शनिवारी सकाळी सव्वादहाला गाडी रास अल खैमाच्या रस्त्याला लागते न लागते तोच ती म्हणाली, "बाबा, मी नाही जात इंटरव्ह्यूला."

पूर्ण वाक्य. मराठी. नाश्ता झालेला, हातपाय शाबूत. म्हणजे तिसरं कारण, संजयने मनात टिपलं.

इंटरव्ह्यू दुपारी तीनला, शारजातल्या एका विद्यापीठात. विश्वाच्या जन्माचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या गटात उन्हाळ्याचे दोन महिने काम करायचं. जागा एक, अर्ज अकरा. सुजाताला, म्हणजे मिहिकाच्या आईला, शनिवारी क्लिनिकमध्ये ड्यूटी. घरात गाडी एकच. तेव्हा असं ठरलं होतं की संजयने लेकीला सकाळी आपल्याबरोबर रास अल खैमातल्या आपल्या टाइल्सच्या कारखान्यात न्यायचं, एका लॉटवर सही करायची आणि परतीच्या वाटेवर तिला शारजात पोचवायचं. ही योजना सुजाताने फ्रिजवर लावली होती. तिच्यात बदल करायला दोघांपैकी कुणालाच अधिकार नव्हता.

"का पण?" संजयने विचारलं.

"बिकॉज आय ॲम गेटिंग वन थर्टी सेव्हन."

"बीपी?"

"पर्सेंट, बाबा!"

मग तिने सांगायला सुरुवात केली. शारजापर्यंत इंग्रजीत, शारजा मागे पडल्यावर निम्मं मराठीत, आणि पूर्ण वेळ दोन्ही हातांनी. विश्व अगदी नवं होतं तेव्हा, सेकंदाच्या इतक्या बारीक तुकड्यात की दशांशचिन्हापुढची शून्यं लिहायला अख्खी ओळ लागावी, ते अचानक फुगलं. भसाभसा फुगलं. अणूहून लहान जागा बघता बघता अवाढव्य. त्या इवल्या जागेत जी बारीकशी थरथर चालू होती तीही ताणली गेली. फुगणं थांबलं, सगळीकडे रसरसलेला लगदा झाला, पण थरथरीचे ठसे राहिले. इथे किंचित दाट, तिथे किंचित पातळ. दाट होतं तिथे पुढे कोट्यवधी वर्षांनी आकाशगंगा जमल्या.

"पण समज, एखाद्या ठिकाणी किंचित नाही, खूपच दाट होतं," मिहिका सीटवर जवळजवळ उलटी वळली, "मग तारा बनेल, तो जळेल, मरेल, एवढं थांबायचंच नाही! धप्प. सरळ ब्लॅक होल! पहिल्या सेकंदाच्या आत! वजन एका लघुग्रहाचं आणि आकार, बाबा, आकार अणूएवढा!"

"म्हणजे भट्टीतून बाहेर यायच्या आधीच डाग," संजय म्हणाला.

"वेल... सॉर्ट ऑफ. येस!"

"कुणी पाहिलेत हे डाग?"

"कुणीच नाही! दॅट्स द फन!"

जी वस्तू कुणी पाहिली नाही तिच्यावर दोन महिने कोण खर्च करतं, हे विचारायचं संजयच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलीचे डोळे असे चमकत होते की त्याने तो प्रश्न उम्म अल कुवेनच्या हद्दीत सोडून दिला.

विद्यापीठाने सगळ्या अर्जदारांना एकच गणित घरी सोडवायला दिलं होतं. थरथर किती जोराची, हे त्यांनीच ठरवून दिलेलं. त्यावरून प्रोग्रॅम लिहायचा, किती कृष्णविवरं झाली ते मोजायचं, आणि आकाशगंगांना धरून ठेवणारं जे न दिसणारं वजन आहे, डार्क मॅटर, त्याच्यातला किती टक्के वाटा या कृष्णविवरांचा, ते सांगायचं. उत्तर पाच टक्के आलं तरी चालेल, नव्वद आलं तरी चालेल.

"आणि माझं एकशे सदतीस आलंय. जेवढं आहे त्याच्यापेक्षा जास्त! मी बारा वेळा चेक केलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या डॉक्टर फिरदोस एक नजर टाकतील आणि हसतील."

"मग सांगायचं, कुठेतरी चुकतंय, सापडत नाहीये."

मिहिकाने बापाकडे असं पाहिलं की जणू त्यानेच विश्वाचं गणित बिघडवलंय. "हे तू सांगतोयस? 'सोळा वर्षांत माझा एकही रिपोर्ट परत आलेला नाही.' कुणाचं वाक्य आहे हे? मी बाराला विथड्रॉ करतेय. मेल लिहून ठेवलाय."

वाक्य संजयचंच होतं. सहामाही निकालाला एकदा आणि वार्षिकला दोनदा, असं ते, वर्षांचा आकडा वाढवत, घरात तिच्या पहिलीपासून म्हटलं जायचं. कधी शाबासकीला जोडून, बहुतेकदा शाबासकीऐवजी. वाक्यात दोष फक्त एवढाच होता की ते खरं नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी, कारखान्यातल्या पहिल्याच महिन्यात, क्वालिटी विभागाच्या नव्या सुपरवायझरने, म्हणजे संजयने, एका लॉटचा रिपोर्ट सहीशिक्क्यानिशी वर पाठवला होता. त्यात दर शंभर फरशांमागे एकशे बारा फरशा नापास झाल्या होत्या. जनरल मॅनेजरने तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि विचारलं, "या वरच्या बारा कुठून आणल्यात, घरून?" त्या दिवसापासून कारखान्यात संजयला नाव पडलं. मल्याळी, पठाण, नेपाळी, कोकणी, सगळ्यांच्या तोंडी एकच: एक सौ बारह. चार वर्षं ते तोंडावर म्हटलं जायचं. तो विभागप्रमुख झाल्यावर लोक ते फक्त त्याच्या पाठीमागे वापरू लागले, एवढीच काय ती बढती.

बायकोमुलीला कारखाना दाखवायला नेतो नेतो म्हणत त्याने सोळा वर्षं काढली होती, ती याच भीतीने. आजही निघण्यापूर्वी त्याने हाताखालच्या तुकारामला मेसेज टाकला होता: मुलगी येतेय. तोंड सांभाळायला सांग सगळ्यांना.

आणि आता एकशे सदतीस. आकडा ऐकल्यापासून संजयचे कान तापले होते. विश्वाच्या जन्मातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण शंभराच्या वर गेलेल्या टक्केवारीचा वास त्याने सात समुद्रांपलीकडून ओळखला असता. तिची चूक कुठली असणार, याचा त्याला अंदाज होता. तो सांगायचा तर सगळंच सांगावं लागणार होतं. डाव्या हाताला समुद्र गेला, उजवीकडे करडे डोंगर आले, आणि संजय सिग्नल, स्पीड कॅमेरे आणि ट्रक मोजत राहिला. कॅमेरे नऊ निघाले.

कारखान्यात शिरताच भट्टीची ऊब अंगावर आली. भाजलेल्या फरशा रोलरवरून एकामागून एक येत होत्या. पुढे तीन टेबलं. पहिल्यावर रफिक फरशी पट्टीला लावून बघायचा, सबंध वाकली आहे का. दुसऱ्यावर एक नेपाळी गडी तळहाताएवढे खळगे शोधायचा. तिसऱ्या टेबलावर तुकाराम पाष्टे, गुहागरकडचा, बावन्न वर्षांचा, दिवा तिरपा धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं हुडकायचा. तिरप्या उजेडात त्याच्या नजरेतून भोक सुटलंय, असं एकदाही घडलं नव्हतं. असा लौकिक कारखान्यात खरोखर मिळवलेला माणूस तो एकटाच.

"ही काय बाय साहेबांची?" तुकारामने दिवा न हलवता विचारलं. "नाक साहेबांचं, नशिबानं उंची आईची."

"हॅलो अंकल," मिहिका म्हणाली आणि पुन्हा फोनकडे बघू लागली. मेल उघडा होता. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

टक्.

रफिकने छोट्या हातोडीने एका फरशीचा कोपरा उडवला आणि ती तशीच पुढे सोडली. मिहिका दचकली. दुसऱ्या टेबलावरच्याने त्या फरशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुकारामनेही नाही. फरशी शेवटी जाऊन भंगाराच्या पेटीत पडली.

"त्यांनी तोडली का ती? अँड व्हाय डिड नोबडी चेक इट?"

"वाकली होती," तुकाराम म्हणाला. "कोपरा गेलेली फरशी फुडं कुनी मोजायची न्हाई. ही पद्धत आपल्याच कारखान्यात हाय. ती पडली कशी, तर आपलं साहेब नवीन व्हते तवा..." आणि त्याची जीभ जागच्या जागी थांबली. मेसेज आठवला असावा. "...तवा पडली," असं म्हणून त्याने वाक्य कसंबसं मिटवलं.

रफिक खोकला. खोकल्याच्या आड हसू होतं, आणि ते संजयला सोळा वर्षांच्या सरावाने अचूक ओळखू आलं.

मिहिकाचा अंगठा 'सेंड'वर होता. बाराला करते म्हणाली होती, पण मुलगी सुजाताची. काम वेळेआधी उरकायची.

"थांब," संजय म्हणाला. "सांग तुकाराम. नको, मीच सांगतो. मिहिका, फोन खाली ठेव. माझा एक रिपोर्ट परत आला होता."

अंगठा हवेतच राहिला.

"शंभर फरशांपैकी एकशे बारा मी नापास केल्या होत्या."

"शंभरातून एकशे बारा?" मिहिका मराठीत म्हणाली. "हाऊ?"

"तेव्हा हातोडी नव्हती. तीन टेबलं, तीन रंगांचे खडू. रफिक लाल फुली मारायचा, मधला निळी, तुकाराम हिरवी. संध्याकाळी तिघांचे कागद माझ्याकडे. मी काय केलं? तिघांची बेरीज. आता जी फरशी सबंध वाकलीय, तिच्यात खळगा दिसणारच. आणि खळग्यात वरचा थर ताणला जातो, तिथे भोकं पडणारच. दोष एकच. फुल्या तीन. मी एका फरशीला तीनदा मारलं."

"अख्ख्या लॉटचा बाजार उठवला व्हता," तुकाराम आता मोकळा झाला. "जीएम म्हनाला, गुळवणी, वरच्या बारा..."

"पुरे."

"...घरनं आनल्या काय!"

रफिकने खोकणं सोडलं आणि सरळ हसून घेतलं. "एक सौ बारह साहब," तो मिहिकाला म्हणाला, "आज भी यही नाम है."

मिहिका हसली नाही. ती रफिकच्या टेबलाकडे बघत होती, मग मधल्या, मग तुकारामच्या. तिचे ओठ हलत होते. संजयला वाटलं, झालं. सोळा वर्षांची इज्जत घालवली आणि बदल्यात हाती काही आलं नाही.

"पट्टी, खळगा, भोक," ती पुटपुटली. मग ओरडली. "बाबा! बाबा, मी पण हेच केलंय! माझ्याकडे तीन टेबलं नाहीत, तीस आहेत! मी दाट-पातळ जागांचा तोच नकाशा तीस वेगवेगळ्या चाळण्यांतून बघते. मोठ्या चाळणीत मोठी दाट गाठ सापडते. मग मधल्या चाळणीत तीच गाठ पुन्हा सापडते, कारण ती मधूनही दाटच आहे! मग बारीक चाळणीत परत! आणि मी सगळ्यांची बेरीज करतेय! एकाच गाठीची चार-चार ब्लॅक होल्स! पण मोठं एकदा कोसळलं की आतलं सगळं त्याच्या पोटात गेलं ना? मोजायचं एकच!"

एवढी मराठी संजयने तिच्या तोंडून एका दमात कधीच ऐकली नव्हती. त्याने वाक्यं मोजायला घेतली होती, सातव्यानंतर गोंधळ झाला.

"मग आधी मोठं बघायचं," तो म्हणाला.

"आधी मोठं! आणि सापडलं की कोपरा उडवायचा! तेवढा भाग नकाशातून बाद! मग त्याहून लहान, मग त्याहून लहान!"

"हातोडी हाय का तुज्याकडं?" तुकारामने गंभीरपणे विचारलं.

"दोन ओळींची आहे, अंकल!" म्हणत ती संजयच्या केबिनकडे धावत सुटली. कारखान्यात धावायला मनाई आहे, असा फलक संजयनेच लावला होता. तो फलकाखालून तिच्या मागे धावला.

दोन ओळींच्या बावीस झाल्या. बारा वाजले, मेल मसुद्यातच पडून राहिला. साडेबाराला ती म्हणाली, "डन. आता पूर्ण नकाशा चालवते. चाळीस मिनिटं लागतील."

"लगेच नाही," संजय म्हणाला. आता तो बाप नव्हता, क्वालिटीवाला होता. "आधी असा लॉट घे ज्यातले दोष तुला स्वतःला माहीत आहेत. मशीन नवीन आलं की आम्ही तसंच करतो. मुद्दाम खराब केलेल्या फरशा सोडतो, बघू म्हणतो किती पकडतंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आदर किती आणि आश्चर्य किती, हे त्याला ठरवता आलं नाही. दोन्ही नवीन होतं. तिने एक छोटा नकाशा केला आणि त्यात स्वतःच्या हाताने सात गाठी पेरल्या. आधी जुना प्रोग्रॅम लावला.

"एकोणीस!" ती किंचाळली. "सात टाकल्या, एकोणीस सापडल्या! बारा घरून आणल्या!"

मग नवा लावला. केबिनच्या काचेला तुकाराम आणि रफिक नाकं चिकटवून उभे होते. बाहेर दहा मिनिटं एकही फरशी तपासली गेली नाही. ही नोंद कुठल्याही रिपोर्टात सापडणार नाही.

"सात," मिहिका म्हणाली. मग टेबलावर दोन्ही मुठी आपटून, "सात! सात! सात!"

तुकारामने काचेपलीकडून हाताची पाच आणि दोन बोटं दाखवली. तिने मान हलवली. रफिक म्हणाला, "यल्ला, बड़ा वाला चलाओ!"

पण घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. या हर्षात आणि संजयच्या लॉटवरच्या सहीत वेळ कुठे गेला ते कळलंच नाही. मोठा नकाशा गाडीत चालवावा लागला. लॅपटॉप मिहिकाच्या मांडीवर, पंखा घरघरतोय, एसीची दोन्ही तोंडं संजयने लॅपटॉपकडे वळवलेली, स्वतः घामाघूम.

"किती?" दर पाच किलोमीटरला तो विचारत होता.

"अकरा चाळण्या झाल्या. रस्त्यावर बघ ना, बाबा!"

फोन वाजला. तुकाराम. "किती झालं?"

"अकरा चाळण्या," संजयने सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "वीस." त्यानंतरच्या फोनला भट्टीचा ऑपरेटरही लाइनवर होता, त्याला नेमकं काय मोजतायत हे माहीत नव्हतं, पण शंभराच्या आत यायला हवं एवढं कळलं होतं आणि तो त्यासाठी इन्शाल्ला म्हणत होता.

"एकोणतीस," मिहिका म्हणाली. "तीस. थांब. प्रोग्रॅम बेरीज करतोय."

संजयने गाडीचा वेग आपोआप कमी केला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"एकसष्ट."

"काय?"

"एकसष्ट पॉइंट चार! टक्के! शंभराच्या आत! बाबा, शंभराच्या आत आलं!" तिने त्याचा दंड पकडून इतका हलवला की गाडीने अर्धी लेन सोडली. त्यानंतर ती शारजापर्यंत बोलत होती आणि सगळं मराठीत बोलत होती. संजयने मोजायचं केव्हाच सोडलं होतं.

तीन वाजता ती आत गेली. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्च्या सोळा, दिवे आठ, त्यांतला एक लुकलुकणारा. आतून आधी तिचा आवाज येत होता, मग प्रश्न. आणि मग एकदम हसू. तीन माणसांचं, मोठ्याने.

संजयला जनरल मॅनेजरची ती मीटिंग आठवली. असंच हसले होते. तो उभा राहिला. तिथे आत जाऊन सांगावं का, की चूक माझी होती, मुलीची नव्हे?

दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या, चष्मा गळ्यात लटकवलेल्या बाई बाहेर आल्या. मागे मिहिका, गाल लाल. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि थेट संजयसमोर येऊन विचारलं, "मिस्टर वन ट्वेल्व?"

सोळा वर्षांत या नावाला त्याने एकदाही ओ दिली नव्हती.

"येस, मॅडम," तो म्हणाला. "आउट ऑफ हंड्रेड."

डॉक्टर फिरदोस पुन्हा हसल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "गलती हमने सवाल में ही रखी थी. जो भी सीधे गिनेगा, सौ के ऊपर जाएगा. आज तक आठ लोग आए. आठों ने चुपके से नंबर दबाकर सौ के अंदर बिठा दिया. आपकी बेटी पहली है, जो अपनी गलती साथ लेकर आई और बताया कि कहाँ हुई, किसने पकड़ी." मग चष्मा चढवत, "अभी दो लोग बाक़ी हैं, इसलिए मैं कुछ कह नहीं सकती. बस, जून में इसे इंडिया की टिकट मत दिलाइए."

दोघं गाडीत बसली. दार लागल्यावर मिहिकाने एकदाच, पूर्ण ताकदीने, किंकाळी फोडली. संजयनेही फोडली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच वर घेतली.

फोन वाजला. सुजाता. संजयने स्पीकर लावला.

"हे एकशे बारा काय प्रकरण आहे?" सुजाताने विचारलं. "मिहिकाने फॅमिली ग्रुपवर टाकलंय. तुझ्या बहिणीचे हसण्याचे चौदा मेसेज आलेत. सोळा वर्षं, संजय? मला सांगितलं नाहीस?"

"तसं सांगण्यासारखं..."

"मुलीला पहिलीपासून ऐकवतोस, एकही रिपोर्ट परत आला नाही म्हणून. आता खरं सांग. एकूण किती आले परत?"

संजयने मिहिकाकडे पाहिलं. ती वाट बघत होती, हनुवटी लॅपटॉपवर टेकवून.

"तीन," तो म्हणाला. जरा थांबून, "चार."

"बाबा," मिहिका मराठीत म्हणाली, "नीट आठव. एकच दोनदा मोजत नाहीयेस ना?"

संजयने खरंच आठवलं. बोटांवर, मोठ्यापासून लहानाकडे.

"नाही," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. "चारच."